सहा फुटांची काठी, तेवढाच दोरा

सोलापुरातल्या एखाद्या दहा वर्षांच्या मुलाने फ्लाय फिशिंगची चित्रफीत पाहिली आणि ‘मलाही असाच गळ हवा’ असा हट्ट धरला, तर आईवडिलांपुढे मोठीच अडचण उभी राहते. परदेशी बनावटीची काठी, चरखी, खास दोर आणि पिसांच्या माशांची डबी असा संच पाहता पाहता काही हजारांवर जातो. मुलाचा नाद मात्र पुढच्या सुट्टीपर्यंत टिकेल याची शाश्वती नसते. एवढा खर्च करावा का, हा प्रश्न आजचा वाटतो. या खेळाचा इतिहास उघडला, की खर्च हीच त्यातली सर्वांत अलीकडची गोष्ट असल्याचे दिसते. आणि ज्या वस्तूंसाठी तो करावा लागे, त्यांपैकी निदान दोन याच देशातून जहाजात चढून गेल्या होत्या.

आधी हा प्रकार काय आहे ते पाहू. साध्या गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात. आमिषाच्या आणि शिशाच्या वजनाने दोर लांब जाऊन पडतो. फ्लाय म्हणजे माशीची नक्कल. बारीक गळावर लोकर, रेशीम, पिसे गुंडाळून पाण्यावर बसणाऱ्या किड्याचा आभास निर्माण करतात. या नकली माशीला वजन जवळजवळ नसतेच. पीस फेकून ते कितीसे दूर जाणार? म्हणून वजन दोरातच आणावे लागते आणि तो चाबकासारखा मागेपुढे झुलवून पाण्यावर अलगद सोडावा लागतो. काठी लवचीक हवी, दोर टोकाकडे निमुळता होत जाणारा हवा. पैसे मोजायचे ते या दोन गुणांसाठी.

या प्रकाराचे सर्वांत जुने स्पष्ट वर्णन इ.स. २०० च्या सुमारास एलियानस या रोमन लेखकाने ग्रीक भाषेत लिहून ठेवले. मॅसिडोनियातील एका नदीकाठचे लोक ठिपकेदार मासे कसे पकडतात, हे तो सांगतो. तिथल्या माशांना एक विशिष्ट किडा आवडतो. पण तो किडा माणसाच्या हातात आला की त्याचा रंग उडतो, पंख मोडतात आणि मासा त्याकडे ढुंकून पाहत नाही. तेव्हा त्या लोकांनी युक्ती काढली. गळाभोवती लाल लोकर गुंडाळायची आणि कोंबड्याच्या गळ्याजवळची, मेणाच्या रंगाची दोन पिसे त्यात बसवायची. काठी सहा फुटांची, दोर तेवढाच. चरखीचा पत्ता नाही.

ही यादी पुन्हा एकदा वाचून पाहावी. लोकर, कोंबड्याची पिसे, काठी, दोरा. सांगोला-माळशिरसकडच्या कोणत्याही धनगर कुटुंबाच्या अंगणात, एक गळ सोडला तर, हे सारे सामान बाजारात न जाताच जमले असते.

मॅसिडोनियाकडून आता सोलापूरच्या शेजारी यायचे. पूर्वेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण. तिथे चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर राज्य करीत होता. त्याचा काळ इ.स. ११२६ ते ११३८. ‘भूलोकमल्ल’ हे त्याचे बिरुद. शके १०५१ च्या सुमारास, म्हणजे इ.स. ११२९ च्या आसपास, त्याच्या नावे ‘मानसोल्लास’ हा प्रचंड संस्कृत ग्रंथ सिद्ध झाला. पाच भाग, प्रत्येकी वीस अध्याय, एकूण शंभर. राज्यकारभार, औषधे, स्वयंपाक, चित्रकला, संगीत, हत्ती, घोडे, कुस्ती असे सारे त्यात आहे. महाराष्ट्रातल्या स्त्रिया धान्य कांडताना ओवी गातात, ही नोंदही याच ग्रंथातली, आणि मराठी लोकगीताच्या इतिहासात ती आजही उद्धृत होते.

याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. समुद्रातले आणि नदीतले मासे, खवले असलेले आणि नसलेले, लहान आणि मोठे, अशी त्यांची वर्गवारी त्यात येते. कोणत्या माशाला काय खाऊ घालावे, हे येते. तिळाच्या गोळ्यांचा उल्लेख येतो. काठी, दोर, गळ आणि मासा लागल्यावर त्याला खेळवण्याची रीत येते. माशांचे अभ्यासक आणि भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाचे संचालक सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर लेख लिहून प्राणिशास्त्रज्ञांचे लक्ष तिकडे वेधले. ‘मानसोल्लास’ची छापील आवृत्ती त्याआधीच बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत येऊ लागली होती, पहिला खंड १९२५ चा. संपादक श्रीगोंदेकर.

भर खाद्याच्या आमिषावर आहे, पिसांच्या माशीवर नाही. त्यामुळे याला फ्लाय फिशिंगचा ग्रंथ म्हणणे म्हणजे अभिमानाच्या भरात इतिहासाला ओढून ताणणे होईल. पण गळ टाकून मासा पकडणे हा पोटापलीकडचा आनंद आहे, त्याला शास्त्र आहे आणि ते लिहून ठेवण्याजोगे आहे, हा विचार दख्खनमध्ये बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात कागदावर, खरे तर ताडपत्रावर, उतरला होता. त्याच शतकात सोन्नलिगे, म्हणजे सोलापूर, येथे सिद्धरामेश्वर आपल्या अनुयायांसह तलाव खोदत होते. राजा कल्याणीत माशांची वर्गवारी करतो आहे आणि त्याच्या राज्यातल्या एका गावात पाणी साठवण्यासाठी लोक टोपल्या वाहताहेत. दोन्ही चित्रे एकाच शतकाची.

तो गळ मात्र राजाचा होता. त्याच्या काठावर उभ्या असलेल्या पोरांच्या हातात काय होते, हे मत्स्यविनोदाला सांगायचे नव्हते.

इंग्लंडमध्ये हाच भेद साडेतीनशे वर्षांनंतर अगदी उघडपणे लिहिला गेला. १४९६ मध्ये विंकिन द वर्ड या मुद्रकाने गळाच्या मासेमारीवरचा एक निबंध छापला. डेम ज्युलियाना बर्नर्स या जोगिणीने तो लिहिला अशी परंपरा आहे. पुरावा कच्चा आहे. निबंध मोठा उपयुक्त. काठी स्वतः कशी करावी, घोड्याच्या शेपटीचे केस पिळून दोर कसा वळावा, शिवणाच्या सुया तापवून, वाकवून गळ कसे करावेत, हे तो शिकवतो आणि बारा कृत्रिम माश्यांची कृती देतो. केसांचा दोर म्हटल्यावर मराठी वाचकाला भीमथडीची तट्टे आठवणे साहजिक आहे. सोलापूरकडे शेपटीच्या केसांना काही तोटा नव्हता. सुया, केस, काठी. सारे घरगुती, सारे स्वस्त.

आणि शेवटी लेखक एक कारण देतो. हा निबंध सुटा, लहानशा पुस्तिकेच्या रूपात छापला असता, तर तो कोणाही रिकामटेकड्याच्या हाती पडला असता आणि त्याने या खेळाची नासाडी केली असती. म्हणून तो खानदानी लोकांसाठीच्या जाडजूड ग्रंथात मुद्दाम घातला आहे! साहित्य कोणालाही परवडेल असे, म्हणून मग ज्ञानच महाग करून ठेवले. स्वस्त गळाच्या इतिहासात याहून बोलका कागद शोधून सापडणार नाही.

साहित्य खरोखर महाग झाले ते एकोणिसाव्या शतकात, आणि इथे हिंदुस्थान पुन्हा कथेत येतो. १८४० च्या दशकात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात सॅम्युएल फिलिप या बंदूक कारागिराने बांबू उभा चिरून, त्याच्या पट्ट्या तासून, पुन्हा सरसाने जोडून काठी बनवायला सुरुवात केली. पुढे सहा त्रिकोणी पट्ट्यांची षटकोनी काठी रूढ झाली. बाहेरची चिवट साल सर्व बाजूंनी मिळाल्याने ती लवचीकही होती आणि मजबूतही. यासाठी लागणारा बांबू कलकत्ता बंदरातून जाई, म्हणून त्याचे नावच ‘कलकत्ता केन’ पडले. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो बहुधा मानवेल, भरीव किंवा जवळजवळ भरीव पेरांचा बांबू. महाराष्ट्रात लाठीला वापरतात तो. भाल्यांचे दांडेही त्याचेच होत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनमधल्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. तोपर्यंत लंडन आणि न्यूयॉर्कच्या दुकानांतल्या कित्येक मौल्यवान काठ्यांचा मूळ पत्ता हिंदुस्थानातले बांबूचे बन हाच होता.

पिसांची गोष्ट याहून वाईट आहे. सह्याद्रीत आणि दक्षिणेच्या डोंगरात राहणारा करडा रानकोंबडा अनेक मराठी वाचकांनी पाहिला नसला तरी पहाटे ऐकलेला असतो. नराच्या मानेवरच्या पिसांच्या टोकाशी मेण ओघळून वाळल्यासारखा चकचकीत पिवळसर ठिपका असतो. सामन माशासाठी बांधलेल्या माश्यांवर हा ठिपका डोळ्यासारखा दिसतो म्हणून व्हिक्टोरियन इंग्लंडात त्याला प्रचंड मागणी आली. एलियानसने मेणाच्या रंगाचे पीस सांगितले होते ते साध्या कोंबड्याचे. आता त्यासाठी जंगलचा पक्षी सोलला जाऊ लागला. टोप्यांच्या फॅशनसाठी होणारी पिसांची निर्यात तर याच्या कितीतरी पट होती. अखेर १९०२ मध्ये हिंदुस्थान सरकारने रानपक्ष्यांच्या पिसांच्या व कातड्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उरलीसुरली वाट बंद केली. आजही जुन्या पद्धतीची माशी बांधणारे परदेशी हौशी लोक या पिसासाठी भरपूर पैसे मोजतात, आणि माशाला मात्र गावठी कोंबडा आणि रानकोंबडा यांतला फरक कळत असल्याचे फारसे दिसत नाही.

दोर रेशमाचा, जवसाच्या तेलात मुरवलेला. रोज रात्री उलगडून वाळवला नाही तर कुजणारा. माशीजवळचा शेवटचा तुकडा स्पेनमधल्या मुर्सिया भागातल्या रेशीमकिड्याच्या आतड्यासारख्या ग्रंथीपासून ओढून काढलेला. असा संच मुलाला कोण देणार? तो साहेबाचा होता.

साहेब भीमेवर आला तेव्हा मात्र त्याला स्थानिक माणसाकडेच विचारावे लागले. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी. १८२४ पासून काही वर्षे त्याने दख्खन पालथे घातले. पीक, पाऊस, पक्षी, मासे सारे टिपले. दख्खनच्या माशांवरचे त्याचे लेखन १८३९ ते १८४१ या काळात लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने प्रसिद्ध केले. शास्त्राला नव्या असलेल्या या माशांना त्याने लॅटिन नावे दिली खरी, पण ती नावे उच्चारून पाहिली की कान टवकारतात. खुद्री. कोळस. शिंगटी. ताकरी. गोगरा. कटरनी. बालुकी. अळकुटी. मल्या. नाकाडावर खोल खाच असलेल्या एका चमत्कारिक माशाला त्याने ‘नुक्ता’ म्हटले. त्यात ‘नकटा’ ऐकू येतो. एकाचे नाव ‘पोटेल’, आणि कंपनीच्या कागदांत गावच्या पाटलाचे स्पेलिंगही नेमके हेच असे.

म्हणजे भीमा आणि मुळा-मुठेच्या काठी भोई-कोळ्यांच्या तोंडी जे शब्द होते, तेच थोड्या इंग्रजी उच्चाराने जागतिक प्राणिशास्त्रात जाऊन बसले. दख्खनच्या महसीरचे शास्त्रीय नाव आजही ‘टॉर खुद्री’ आहे. नावे सांगणाऱ्यांची नावे कुठेच नाहीत. त्यांत एखादे पोरही असेल; नदीकाठच्या गावात लहान माशांची खडान्‌खडा ओळख पोरांनाच असते.

१८७३ मध्ये एच. एस. टॉमस या मद्रास इलाख्यातल्या अधिकाऱ्याने मंगळूरहून ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक काढले. हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवरचे ते पुढे प्रमाणभूत मानले गेले, त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. त्याच वर्षी फ्रान्सिस डे याचा गोड्या पाण्यातल्या मासेमारीवरचा सरकारी अहवाल आला. त्यात बारीक आसाच्या जाळ्यांनी पिल्ले मारली जातात, ही मोठी तक्रार होती. तक्रार निराधार नव्हती. पण ओढ्यातल्या डबक्यातून मूठभर मासे घरी नेणारे कुटुंब आणि छंदासाठी मोठ्या माशामागे फिरणारा अधिकारी यांची भूक एका मापाने मोजता येत नाही. १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्याने पाण्यात सुरुंग लावणे आणि विष टाकणे गुन्हा ठरवले, आणि ते योग्यच झाले.

याच सुमारास सोलापूर बदलत होते. अधिला नदीवर एकरुखचा, म्हणजे हिप्परग्याचा, मोठा तलाव १८७१ च्या सुमारास पूर्ण झाला. १८७० च्या दशकात जुनी गिरणी उभी राहिली आणि मागांच्या गावाला यंत्राची जोड मिळाली. तलाव आहे, सुताचे गाव आहे, बुरुडाकडे बांबूच्या काड्या आहेत. गिरणी कामगाराच्या पोराला गळासाठी विकत घ्यावा लागे तो फक्त आकडा, आणि तोही नसेल तर वाकवलेली टाचणी होती. अशा काठ्या संग्रहालयात मिळत नाहीत. त्या पावसाळ्यात कुजतात, चुलीत जातात, किंवा त्यांनी पुढे चिंचा पाडल्या जातात. साहेबाची काठी कातडी नळकांड्यातून निघून लिलावात पोहोचते. इतिहासाच्या साधनांचा तराजू असा आधीपासूनच एका बाजूला झुकलेला असतो.

मग रसायनशास्त्राने सारा डाव उलटवला. १९३८ मध्ये अमेरिकेत नायलॉन जाहीर झाले आणि पाहता पाहता रेशीमकिड्याच्या ग्रंथीचा व्यापार संपला. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूंच्या काठ्या आल्या, १९५० च्या दशकात प्लॅस्टिकचा लेप दिलेले तरंगणारे दोर आले. चिरलेल्या बांबूची काठी कारागिराच्या कित्येक दिवसांची असे. काचतंतूची काठी साच्यातून निघू लागली. मराठीत नायलॉनच्या या पारदर्शक धाग्याला ‘तंगूस’ म्हणतात. आज कोणत्याही बाजारपेठेत तो किरकोळ किमतीला मिळतो, पतंगवाल्यालाही आणि फुलांचे हार ओवणाऱ्यालाही. एके काळी कलेक्टरला जपून वापरावा लागे तसा चिवट धागा आता पोराच्या खिशात गुंतागुंत होऊन पडलेला असतो.

नदीही बदलली. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि भीमेच्या वाहत्या पाण्याचा समुद्रासारखा साठा झाला. १९५२ मध्ये भारतात आणलेला आफ्रिकी तिलापिया पुढे इथेही पसरला. उजनीकाठी त्याला ‘चिलापी’ म्हणतात, आणि त्या नावाचा मासा भिगवण-इंदापूरच्या ताटांत आता इतका रुळला आहे की तो पाहुणा आहे हे कोणी आठवत नाही. वाहत्या, खडकाळ पाण्यात वाढणाऱ्या साइक्सच्या यादीतल्या अनेक माशांना ही नवी व्यवस्था मानवली नाही. जुनी नावे ठाऊक असलेली माणसेही कमी झाली. महाग काठी घेऊन देऊनही मुलाला ‘हा कोणता मासा?’ याचे उत्तर देणारे कोणी नसेल, तर त्या खरेदीत मोठी वस्तू राहून गेली असे म्हणावे लागेल.

गंमत अशी की श्रीमंत जग फिरून सहा फुटांच्या काठीकडे आले आहे. जपानच्या डोंगराळ भागातले मच्छीमार ‘तेनकारा’ नावाच्या पद्धतीने मासे धरत: लांब काठी, टोकाला थेट बांधलेला दोर, एक पिसांची माशी, चरखी नाही. २००९ नंतर ही पद्धत अमेरिकेत लोकप्रिय झाली. एलियानसच्या मॅसिडोनियन माणसाला तीत नवे काही दिसले नसते.

सोलापूरच्या त्या मुलाच्या घरी हा हिशेब असा मांडता येतो. बुरुडाकडची आठ-दहा फुटांची, टोकाला बारीक आणि लवचीक अशी वाळलेली काठी. दोर काठीइतकाच लांब: हाताजवळ जाड तंगुसाचे तीन पदर पिळलेले, पुढे दोन, शेवटी हातभर एकच बारीक पदर. घोड्याच्या केसांचे दोर याच तत्त्वावर निमुळते करत. पैसे वाचवू नयेत ते एका बाबतीत, गळाच्या बाबतीत. तो लहान, बारीक तारेचा आणि धारदार हवा. त्याचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा, म्हणजे माशातून आणि बोटातून तो सहज निघतो. डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर टोपी, कारण माशी फेकताना ती आधी मागे जाते. लाल लोकर घोंगडी विणणाऱ्याकडची किंवा आईच्या जुन्या स्वेटरची. पीस कोंबडीवाल्याच्या दुकानामागचे. तलाव-धरणांवरचे मासेमारीचे हक्क ठेक्याने वा परवान्याने दिलेले असतात, तेव्हा काठावरच्या संस्थेच्या माणसाला आधी विचारावे. माशांची नावेही त्यालाच ठाऊक असतात.

संध्याकाळी पाणी शांत झाले की वर चिलटांचे थवे येतात आणि बोटभर लांबीचे चंदेरी मासे पृष्ठभागावर टिचकी मारल्यासारखे उसळू लागतात. ते किडेच खातात, त्यामुळे पिसाच्या माशीला फसतात. पहिल्या दहा फेकींत दोर बाभळीत अडकतो. अकराव्यात कधीतरी काठीचे टोक थरथरते आणि ओल्या तळहातावर अळकूट तडफडू लागते. ती परत पाण्यात सोडायची की घरी तव्यावर न्यायची, हे ठरवायला पोराला फार वेळ नसतो.